दोनदा उठलेले गाव

सेंट थॉमस या नावातला संत नावापुरताच. १८६५ साली थॉमस स्मिथ यांच्या पुढारपणाखाली मॉर्मन पंथाची काही कुटुंबे अमेरिकेतल्या मडी नदीकाठी वस्तीला आली आणि पुढाऱ्याचे नाव गावाला लागले. पंथप्रमुख ब्रिगहॅम यंग यांना तिथे कापूस पिकवायचा होता. यादवी युद्धामुळे अमेरिकेत कापसाची टंचाई पडली होती. याच टंचाईने मुंबईचा बाजार तेजीत नेला. म्हणजे हे गाव आपल्या त्या तेजीच्याच कुळातले. वाळवंटात पाट खणले, कच्च्या विटांची घरे उभी राहिली, झाडे लावली. हिवतापाने माणसे बेजार झाली, तरी टिकून राहिली.

त्यांना उठवले ते नकाशाने. आपण यूटात राहतो, अशी त्यांची समजूत होती. १८७० च्या मोजणीत गाव नेवाडात निघाले. नेवाडाने मागील वर्षांचा कर मागितला, तोही रोख सोन्यात. धान्यावर आणि गुराढोरांवर जगणाऱ्यांकडे सोने कुठून येणार? १८७१ मध्ये घरे, पाट, उभी पिके टाकून ती कुटुंबे यूटाकडे निघून गेली. डॅनियल बोनेली यांचे कुटुंब तेवढे मागे राहिले. मला हे पहिले उठणे जास्त सलते. तिथे पाणी आले नव्हते, फक्त रेघ सरकली होती, आणि मोबदला कसलाच नव्हता.

पुढे १८८० च्या दशकात गाव पुन्हा वसले. मग कोलोराडो नदीवर हूवर धरण बांधले गेले. सरकारने जमिनी विकत घेतल्या, आणि धरणामागे साचलेल्या मीड सरोवराचे पाणी हळूहळू चढत गावापर्यंत आले. ११ जून १९३८ रोजी टपाल कचेरीने शेवटचे टपाल रवाना केले. शेवटचे रहिवासी ह्यू लॉर्ड होडीत बसून घराबाहेर पडले. पुढे गावावर सुमारे साठ फूट पाणी साचले.

दुष्काळ आणि वाढता उपसा यांमुळे या शतकात सरोवर ओसरत गेले आणि गाव उघडे पडले. उजनीचे पाणी आटले की पळसदेवचे देऊळ वर येते आणि माणसे ते पाहायला जातात, तशीच माणसे आता इथेही येतात. त्यांना शाळेच्या पायऱ्या, घरांचे पाये, कोरड्या टाक्या दिसतात. थडगी मात्र तिथे नाहीत. पाणी चढण्याआधीच ती उकरून ओव्हर्टन या गावी नेली होती, आणि आजही ती तिथेच आहेत.