माथेरान : मोटारींना मज्जाव असलेल्या गावाच्या रोजीरोटीचा इतिहास

१/ मुंबईहून काही तासांच्या अंतरावर एक गाव आहे, जिथे कोणाचीही मोटार शिरू शकत नाही. पर्यटक कितीही धनाढ्य असो, दस्तुरी नाक्यावर त्याला गाडीतून उतरावेच लागते. शेकडो कुटुंबांची चूल या एका निर्बंधावर पेटते. ते कसे घडले, याचा हा धांडोळा.

२/ मे १८५० मध्ये ठाण्याचे जिल्हाधिकारी ह्यू पॉइन्ट्झ मॅलेट चौक गावी मुक्कामास असताना हा डोंगर चढून गेले. त्यांनी माथेरान ‘शोधले’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः ठाकर, कातकरी आणि धनगर यांना ही रानवाट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. मॅलेट यांनी शोधली ती इंग्रजांच्या उन्हाळ्याची सोय.

३/ गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी या स्थळास राजाश्रय दिला. १८५६ मध्ये लोहमार्ग खोपोलीच्या दिशेने पुढे सरकला आणि नेरळ मुंबईच्या आवाक्यात आले. मुंबईच्या इंग्रज, पारशी, बोहरी धनिकांचे बंगले गर्द झाडीत उभे राहू लागले.

४/ परंतु नेरळहून माथा गाठायचा कसा? घोड्यावरून, पालखीतून किंवा पायी. माथेरानची अर्थव्यवस्था याच चढणीतून जन्मास आली. घोडेवाले, पालखीचे भोई, हमाल या साऱ्यांचा रोजगार एका गोष्टीवर अवलंबून होता : वाट अवघड होती आणि चाके तिथवर पोहोचत नव्हती.

५/ विसाव्या शतकाच्या प्रारंभी चाके पोहोचली, पण रुळांवरून. सर आदमजी पीरभॉय यांच्या भांडवलावर त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी दोन फुटी रुंदीचा नेरळ-माथेरान मार्ग बांधला. खर्च सुमारे १६ लाख रुपये. १९०७ मध्ये गाडी सुरू झाली. डोंगर पोखरण्याऐवजी हा मार्ग डोंगराला वळसे घालीत चढतो. साऱ्या प्रवासात बोगदा एकच.

६/ गाडी माथ्यावर आणून सोडी, पुढे गावात मात्र पायपीट किंवा घोडा. त्यामुळे रेल्वेने येथील श्रमिकांचा रोजगार हिरावला नाही. उलट गिऱ्हाईक वाढविले. प्रवासाची सोय आणि स्थानिकांचे काम यांचा असा मेळ क्वचितच जमतो.

७/ याच श्रमिक वस्तीतून एक तेजस्वी नाव पुढे आले. विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाई कोतवाल. जन्म माथेरान, १ डिसेंबर १९१२, नाभिक कुटुंबात. वकील झाले, शेतकऱ्यांसाठी झटले, १९४२ च्या लढ्यात ‘आझाद दस्ता’ उभारून विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झाले. साहेबांच्या विश्रांतिस्थळाची ही दुसरी बाजू.

८/ स्वातंत्र्यानंतर मोटारी सर्वत्र पोहोचल्या. अनेक थंड हवेची ठिकाणे त्यांच्या गर्दीत गुदमरली. माथेरान वाचले. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने माथेरान व परिसराचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. वाहनबंदीस त्यामुळे कायद्याचे भक्कम बळ मिळाले.

९/ जुलै २००५ च्या महापुरात लोहमार्ग वाहून गेला. गाडी २००७ मध्ये परतली. २०१९ च्या पावसाने मार्ग पुन्हा उद्ध्वस्त केला. नेरळहून गाडी सुटण्यास ऑक्टोबर २०२२ उजाडला. डोंगराचे आरोग्य आणि गावाचा व्यवसाय या दोन निराळ्या बाबी नाहीत, हा धडा दोनदा मिळाला.

१०/ पण या हिरव्या चित्राला एक काळी किनार होती. हातरिक्षा. एकजण पुढून ओढणार, इतर मागून ढकलणार, आत माणूस बसलेला. धूर नाही, गोंगाट नाही. पण माणसाचे काळीज आणि गुडघे झिजतात. निसर्ग जपणारा प्रवास माणसाला जनावरासारखे जुंपत असेल, तर त्याला शाश्वत कसे म्हणावे?

११/ स्वतः रिक्षा ओढणाऱ्यांनीच ई-रिक्षाची मागणी लावून धरली. घोडेवाल्यांचा विरोध झाला, तोही पोटासाठीच. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रायोगिक ई-रिक्षांना परवानगी दिली आणि त्याच वर्षाअखेरीस त्या धावू लागल्या.

१२/ ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. १९८० मध्ये पंजाबच्या रिक्षाचालकांच्या खटल्यात न्यायालयाने अशाच कष्टकऱ्यांची बाजू घेतली होती. त्यानंतर ४५ वर्षांनीही ही प्रथा उरावी, याबद्दल पीठाने खेद व्यक्त केला.

१३/ आदेशातील मर्म पुढे आहे. ई-रिक्षा शासनाने विकत घ्याव्यात आणि खऱ्याखुऱ्या हातरिक्षाचालकांना भाड्याने द्याव्यात. उरलेल्या आदिवासी महिला व इतर गरजूंना द्याव्यात. निधीची सबब चालणार नाही. म्हणजे साधन बदलावे, पण त्या साधनावरचा हक्क राबणाऱ्या हातांकडेच राहावा.

१४/ पावणेदोनशे वर्षांचा हा इतिहास एकच गोष्ट सांगतो. पर्यटन पैसा आणते. तो पैसा गावात मुरतो की बाहेर वाहून जातो, हे मात्र नियम ठरवितात. दस्तुरी नाक्यावरचा अडसर उद्या उठला, तर मोटारी थेट हॉटेलच्या दारात जाऊन थांबतील आणि मधली वाट, तिच्यावर जगणाऱ्या माणसांसह, ओस पडेल. माथेरानात पायी चालणारा प्रवासी नुसता चालत नसतो. त्याच्या प्रत्येक थांब्यावर कोणाचे तरी घर चालत असते.