मतदानावर चालणारी बातमी: व्हिडिओ गेम संकेतस्थळांचा एक कालखंड

व्हिडिओ गेमच्या बातम्यांत पक्षपात आणि सनसनाटीपणा वाचकांच्या मतदानाबरोबरच शिरला, असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. अमेरिकेत 1988 मध्ये सुरू झालेले ‘निन्टेन्डो पॉवर’ हे मासिक खेळयंत्रे बनविणाऱ्या निन्टेन्डो कंपनीचेच होते. आणि 1992 च्या एप्रिल अंकात ‘इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली’ने ‘स्ट्रीट फायटर 2’ या खेळात शेंग लाँग नावाचा गुप्त योद्धा असल्याची जी थाप एप्रिल फूल म्हणून छापली, ती इतर प्रकाशनांनी शहानिशा न करता खरी म्हणून उचलली. मात्र मासिकाला संपादक असे, त्याचे नाव अंकावर छापलेले असे आणि चूक झाल्यास जाब कोणाला विचारायचा हे वाचकाला ठाऊक असे. पुढे बदलले ते नेमके हे उत्तरदायित्व.

1997 मध्ये सुरू झालेल्या ‘स्लॅशडॉट’ या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळावर बातम्या वाचक सुचवीत, परंतु निवड संपादक करीत. डिसेंबर 2004 मध्ये आलेल्या ‘डिग’ने निवडीचा तो अधिकारही वाचकांच्या हाती दिला: आवडलेल्या दुव्याला, म्हणजे मूळ लेखाकडे नेणाऱ्या जोडणीला, मत द्यायचे, नावडता दुवा निनावी मताने ‘गाडायचा’, आणि पुरेशी मते मिळाली की तो दुवा मुखपृष्ठावर चढायचा. हाच विचार केवळ व्हिडिओ गेमपुरता राबविणाऱ्या संकेतस्थळांत ‘एनफोरजी’ विशेष गाजले. तेथे वाचक इतरत्र प्रसिद्ध झालेल्या लेखाचा दुवा आणि थोडक्यात सारांश सादर करीत, अन्य सदस्यांची मान्यता मिळाल्यावर तो प्रकाशित होई आणि वाचकांच्या प्रतिसादाप्रमाणे त्याचे ‘तापमान’ अंशांत वाढत जाई. सदस्यांची पत ‘बुडबुड्यां’नी मोजली जाई आणि ते बुडबुडे वाढविणे वा घटविणे इतर सदस्यांच्याच मतांवर अवलंबून असे. बहुमताला न रुचणारे बोलणाऱ्याचा आवाज अशा व्यवस्थेत हळूहळू क्षीण होत जाणे स्वाभाविक होते.

ही संकेतस्थळे भरभराटीला आली तो काळही विलक्षण होता. नोव्हेंबर 2005 मध्ये मायक्रोसॉफ्टचे ‘एक्सबॉक्स 360’, आणि वर्षभराने सोनीचे ‘प्लेस्टेशन 3’ व निन्टेन्डोचे ‘वी’ ही कन्सोल, म्हणजे दूरचित्रवाणी संचाला जोडायची खेळयंत्रे, बाजारात आली. अमेरिकेत ‘प्लेस्टेशन 3’च्या दोन प्रकारांची किंमत 499 आणि 599 डॉलर होती. एवढी रक्कम मोजल्यावर दुसरे यंत्र घेणे बहुतेक तरुणांना परवडणारे नव्हते, आणि आपली निवड योग्य ठरावी ही त्यांची इच्छा पूर्णपणे मानवी होती. 2007 च्या जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टने बिघडणाऱ्या ‘एक्सबॉक्स 360’ची हमी तीन वर्षांपर्यंत वाढवून त्यासाठी एक अब्ज डॉलरहून अधिक खर्चाची तरतूद जाहीर केली, तेव्हा ही बातमी कोणत्याही निकषावर महत्त्वाची होती, तथापि प्रतिस्पर्धी यंत्राच्या चाहत्याने तिला दिलेले मत आणि निव्वळ माहितीची कदर करणाऱ्याने दिलेले मत यांत फरक करण्याचे साधन कोणत्याही मतमोजणीत नव्हते. ‘हे खरे आणि महत्त्वाचे आहे काय’ आणि ‘हे माझ्या पक्षाच्या सोयीचे आहे काय’ हे दोन प्रश्न एकाच कळीत कोंबले गेले होते, आणि या व्यवस्थेचा मूळ दोष वाचकांच्या स्वभावापेक्षा येथेच शोधला पाहिजे.

सनसनाटी मथळ्यांचा उगमही याच रचनेत आहे. मत देण्यापूर्वी लेख उघडण्याची सक्ती नसल्यामुळे मतदान बहुधा मथळ्यावरच होई. आणि जाहिरातींच्या उत्पन्नावर जगणाऱ्या छोट्या अनुदिनीला अशा संकेतस्थळावरून येणारे वाचक मोलाचे असल्याने ‘अमुक यंत्र संपले काय’ या धर्तीचा मथळा लिहिण्याचा मोह टाळणे कठीण होते. संयमाने लिहिणाऱ्यांचे यात खरे नुकसान झाले, आणि त्याची नोंद या माध्यमाच्या इतिहासात फारशी घेतली जात नाही.

वाचकांचा व्यावसायिक संपादकांवरील अविश्वास मात्र निराधार नव्हता. नोव्हेंबर 2007 मध्ये ‘गेमस्पॉट’ या व्हिडिओ गेमच्या संकेतस्थळाने आपले समीक्षक जेफ जेर्स्टमन यांना कामावरून दूर केले. ज्या ‘केन अँड लिंच: डेड मेन’ या खेळाला त्यांनी दहापैकी सहा गुण दिले होते, त्याच्याच जाहिराती त्या वेळी संकेतस्थळावर झळकत होत्या, आणि कमी गुणांमुळे आलेला जाहिरातदारांचा दबाव या निर्णयामागे होता, हे जेर्स्टमन यांनी 2012 मध्ये उघडपणे सांगितले. अशा प्रसंगांनंतर समूहाचा निवाडा अधिक स्वच्छ वाटावा, हे समजण्यासारखे आहे. परंतु याच जेर्स्टमन यांनी 2006 मध्ये ‘द लेजंड ऑफ झेल्डा: ट्वायलाइट प्रिन्सेस’ला 8.8 गुण दिले तेव्हा, ते कमी आहेत म्हणून, त्यांच्यावर तुटून पडलेला समूह वाचकांचाच होता.

समूहही संघटित करता येतो, हे ऑगस्ट 2010 मध्ये ‘डिग’वर उघड झाले: एकाच राजकीय मताच्या सदस्यांच्या गटाने विरोधी मताचे लेख ठरवून गाडल्याचे आरोप पुढे आले, आणि त्याच महिन्यातील नव्या रचनेवर चिडलेल्या सदस्यांनी प्रतिस्पर्धी ‘रेडिट’चे दुवे ‘डिग’च्याच मुखपृष्ठावर चढविले. गुणांकनाच्या क्षेत्रात हाच प्रकार जून 2020 मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट 2’च्या वेळी दिसला. पूर्ण करायला वीसहून अधिक तास लागणाऱ्या या खेळाला विक्रीच्या पहिल्याच दिवशी समीक्षकांचे व वापरकर्त्यांचे गुण एकत्र मांडणाऱ्या ‘मेटाक्रिटिक’ या संकेतस्थळावर हजारो वापरकर्त्यांनी शून्याच्या आसपास गुण दिले. पुढच्याच महिन्यात ‘मेटाक्रिटिक’ने खेळ प्रसिद्ध झाल्यानंतरचे पहिले 36 तास वापरकर्त्यांचे गुणांकन बंद ठेवण्याचा नियम केला, त्यामुळे खेळ न खेळताच मत देण्याची घाई तेवढ्या काळापुरती थांबली, पण त्यानंतर मत देणाऱ्याने खेळ खेळला आहे की नाही, हे तपासण्याची तरतूद त्या नियमात नव्हती.