बॅटरीत किती शिल्लक आहे?

गतीची समीकरणे शिकवताना आपण मुलांना बजावतो की, सुरुवातीचा वेग दिल्याशिवाय उदाहरण सुटणार नाही. संगणकावर बॅटरीचे सिम्युलेशन करतानाही हेच लागू पडते. समीकरणे बॅटरीची अवस्था कशी बदलते ते सांगतात. ती कुठून सुरू झाली हे आपल्याला सांगावे लागते. ही अवस्था कोणत्या राशींनी सांगायची, हे उमगायला मात्र बराच काळ लागला.

१८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिसे-आम्ल घट बनवला. अशी बॅटरी वापरली जाते तसे तिच्यातले सल्फ्युरिक आम्ल खर्च होते आणि द्रावण विरळ होते. झाकण उघडून हायड्रोमीटरने मोजले, तर भरलेल्या बॅटरीत द्रावणाची सापेक्ष घनता सुमारे १.२८ भरते, बॅटरी उतरत जाते तशी ती घटते. म्हणजे अवस्था एकाच आकड्यात सांगता येते, असे वाटावे.

पण १८९७ मध्ये जर्मनीतील विल्हेल्म पॉइकर्ट यांनी दाखवले की, अशा बॅटरीतून प्रवाह जितका जोरात घ्यावा तितका एकूण मिळणारा विद्युतभार कमी होतो. पाण्याच्या टाकीचे असे नसते; नळ मोठा सोडला म्हणून टाकीतले पाणी कमी होत नाही. बॅटरीत मात्र पट्ट्यांच्या छिद्रांतले आम्ल आधी संपते आणि बाहेरचे तेथे पोचायला वेळ लागतो. टॉर्चचे मंदावलेले सेल थोडे विसावले की पुन्हा उजेड देतात, त्यामागेही असेच कारण आहे. तेव्हा किती शिल्लक आहे याबरोबरच बॅटरी नुकतीच वापरली आहे की विसावलेली आहे, हेही सांगायला हवे.

१९६५ मध्ये अमेरिकेतील शेफर्ड यांनी प्रवाह आणि वापरलेला विद्युतभार यांवरून घटाचा विद्युतदाब काढण्याचे समीकरण मांडले. १९९३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील डॉयल, फुलर आणि न्यूमन यांनी लिथियम घटाच्या आत जागोजागी लिथियमचे प्रमाण कसे बदलते याचे गणित मांडले. एका आकड्याच्या जागी आता आकड्यांची रांगच आली. त्यातल्या प्रत्येकाला सुरुवातीची किंमत द्यावी लागते.

ती चुकली तर काय होते? २ अँपिअर-तास क्षमतेचा घट १ अँपिअर प्रवाह देत असेल, तर पूर्ण भरलेला घट साधारण २ तास चालेल, अर्धा भरलेला १ तास. समीकरण तेच, उत्तरात दुपटीचा फरक. विजेच्या मोटारीत अशी चूक झाली तर गाडी वाटेतच थांबेल. शिवाय लिथियम घट बंद असतो. त्यात डोकावता येत नाही. म्हणून २००४ मध्ये ग्रेगरी प्लेट यांनी रुडॉल्फ कालमन यांची १९६० मधील पद्धत बॅटरीला लावली. अंदाजाने अवस्था धरायची, त्यावरून विद्युतदाब काढायचा, मोजलेल्या दाबाशी ताडून पाहायचा आणि फरकानुसार अंदाज सुधारायचा. हे क्षणोक्षणी चालू ठेवायचे.

हायड्रोमीटरने जे थेट मोजता येत असे, ते आता अंदाज आणि पडताळा यांतून मिळवावे लागते. वर्गात सुरुवातीच्या वेगाचे महत्त्व सांगताना हे उदाहरण जरूर द्यावे, असे आम्हाला वाटते.