तळटीप ७ : चार ते वीस मिलिअँपिअर

७. साखर कारखान्यात बॉयलरच्या ड्रममधल्या पाण्याची पातळी कंट्रोल रूममध्ये कळते ती ४ ते २० मिलिअँपिअर प्रवाहाच्या रूपात. प्रवरानगरच्या साखर कारखान्याचे पहिले गाळप १९५०-५१च्या हंगामातले. तेव्हा हा प्रघात रूढ व्हायचा होता. दाबाच्या हवेवर चालणारी उपकरणे तेच माप ३ ते १५ पीएसआयमध्ये कळवत. तळाचा आकडा शून्य न ठेवण्याची शहाणी सवय तिथूनच आली. त्यामुळे ड्रमची नीचांकी पातळी (४) आणि तुटलेली वायर (०) यांत गल्लत होत नाही. बॉयलरजवळ काम करणाऱ्यांच्या जिवाशी याचा थेट संबंध आहे.

लांब वायरमध्ये व्होल्टेज घटते, पण एका मंडलात प्रवाह सगळीकडे सारखाच राहतो. म्हणून सिग्नल प्रवाहाच्या रूपात पाठवतात आणि पीएलसीच्या (नियंत्रण करणाऱ्या संगणकाच्या) दाराशी त्याचे व्होल्टेज करतात. त्यासाठी २५० ओहमचा एक रेझिस्टर पुरतो: ४ मिलिअँपिअरला १ व्होल्ट, २०ला ५. ड्रम निम्मा भरला की १२ मिलिअँपिअर, म्हणजे ३ व्होल्ट. इनपुट ३.३ व्होल्टपर्यंतच असेल तर १६५ ओहम.

रेझिस्टर मात्र ०.१ टक्का अचूकतेचाच हवा. १ टक्क्याचा साधा रेझिस्टर २० मिलिअँपिअरला ५.०५ व्होल्ट दाखवू शकतो. ४ व्होल्टच्या पूर्ण पट्ट्यात ती सव्वा टक्क्याची चूक होते. शिवाय तो चालू मंडलातून काढू नये, नाहीतर प्रवाह तुटून खोटा अलार्म वाजेल.

— संपादक