घनता उंची (विमानोड्डाण)

प्रत्यक्ष हवेची घनता प्रमाण वातावरणात ज्या उंचीवर आढळते, तिला घनता उंची म्हणतात. तापमान व आर्द्रता वाढल्यास किंवा हवेचा दाब घटल्यास ती वाढते. अमेरिकेच्या कॉलोराडो राज्यातील लेडव्हिल विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ९,९३० फूट उंचीवर आहे. हवेचा दाब प्रमाणाइतका व तापमान २०° सेल्सियस असताना तेथील घनता उंची सुमारे १३,००० फूट होते.

परिणाम

विरळ हवेत टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनाची शक्ती व प्रोपेलरचा रेटा घटतो. वेगदर्शकावरील उड्डाणवेग नेहमीइतकाच असला, तरी प्रत्यक्ष वेग अधिक लागतो. त्यामुळे जमिनीवरील धाव लांबते व चढण्याचा दर मंदावतो. धावपट्टी पुरूनही समोरचा डोंगर ओलांडता न येण्याचा धोका राहतो.

दक्षता

वैमानिक विमानातील भार कमी ठेवतात, मिश्रणातील इंधनाचे प्रमाण घटवतात आणि सकाळच्या थंड हवेत उड्डाण करतात.