आखाडाचं कालवण आणि मिरचीचं बी



आज फवारणीचं, खताचं काही लिहीत नाही. आज एका कालवणावरून सुचलेला इतिहास लिहितो. थोडं लांबेल, पण वाचा.

आखाडाचा शेवटचा रविवार होता. धाकटा भाऊ गोदावरीकडच्या पाहुण्याकडून मासे घेऊन आला. दोन मोठ्या मरळ आणि किलोभर चिलापी. मायनं कांदा, खोबरं चुलीतल्या इंगळावर भाजलं, लसूण सोलला, चिंच भिजत घातली, येसराचा डबा काढला. मग म्हणाली, "घरचं तिखट आण रे."

घरचं तिखट नव्हतं. वावरात एक एकर मिरची उभी, मे महिन्यात मल्चिंगवर लावलेली, तिसरा तोडा चालू. आणि घरात तिखट नाही! हिरवी मिरची तोडली की लगेच मार्केटला जाते, लाल व्हायला झाडावर कोण ठेवतो? शेवटी पोराला दुकानात पाठवून पुडी आणली. माय काही बोलली नाही. कालवण झालं, सगळ्यांनी ओरपून खाल्लं. माझ्या घशाखाली मात्र ते नीट उतरलं नाही.

रात्री भाऊ म्हणाला, "मिरची आपलं बापजाद्यांचं पीक आहे, सोडायचं नाही." यंदा भाव पडला, चुरडा-मुरड्यानं निम्मा प्लॉट गेला, तोड्याची मजुरीसुद्धा अंगावर आली. पुढच्या साली लावायची का नाही, यावर वाद चालला होता. 'बापजाद्यांचं' हा शब्द माझ्या डोक्यात बसला. किती पिढ्यांचं?

तर ऐका. मिरची आपली नाही. मुळात मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेकडची. तिकडची माणसं हजारो वर्षांपासून ती पिकवत होती. कोलंबस मिरी शोधायला निघाला आणि १४९२ ला भलत्याच मुलखात पोचला. १४९३ च्या जानेवारीत त्यानं रोजनिशीत लिहून ठेवलं की इथली 'अही' ही यांची मिरी आहे आणि आपल्या मिरीपेक्षा सरस आहे. वास्को द गामा १४९८ ला कालिकतला उतरला, १५१० ला पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यांच्या जहाजांतून मिरची आपल्या किनाऱ्याला लागली आणि तिथून घाट चढून वर आली. म्हणजे फार तर पाचशे वर्षं.

मग त्याआधी आपली माणसं काय खात होती? आपल्या भोकरदनचंच घ्या. याचं जुनं नाव भोगवर्धन. सांची आणि भरहुतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांमध्ये भोगवर्धनच्या लोकांची नावं कोरलेली आहेत. १९७३ च्या सुमारास इथं उत्खनन झालं, तेव्हा हस्तिदंती बाईची एक मूर्ती सापडली. तशीच मूर्ती इटलीतल्या पाँपेई शहरात १९३८ ला सापडली होती. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. म्हणजे तेव्हा आपल्याकडचा माल रोमपर्यंत जात होता. त्याच काळात प्लिनी नावाचा रोमन लिहितो की एक पौंड पिंपळीला १५ दिनार पडतात आणि काळ्या मिरीला ४. तिखट म्हणजे तेव्हा पिंपळी, मिरी आणि आलं. केळणेच्या काठी मासे धरणाऱ्या त्या माणसांनी मिरची डोळ्यांनीसुद्धा पाहिली नव्हती.

पुढं बाराव्या शतकात मराठवाडा कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात होता. त्यांचा राजा सोमेश्वर तिसरा यानं ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात मासेमारीवर आख्खं प्रकरण आहे, कोणत्या माशाला काय खाऊ घालावं इथपर्यंत. मासा शिजवायची रीतही आहे. तुकडे करा, धुवा, चिंचेच्या कोळात शिजवा, वरून सैंधव, वेलची आणि मिरपूड. चिंच तीच, जी माय आजही घालते. मिरची मात्र कुठंच नाही.

आणखी एक गंमत. अकबराचा इतिहासकार अबुल फजल काही काळ आपल्या जालन्यात राहिल्याची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. त्याच्या 'आईन-ए-अकबरी'त बादशाही मुदपाकखान्यातल्या पदार्थांचं वजनासकट सामान दिलंय. कांदा, आलं, मिरी, जिरं, लवंग, वेलची सगळं आहे. मिरची नाही. म्हणजे सोळावं शतक संपत आलं तरी बादशहाच्या ताटात मिरची पोचली नव्हती.

मग ती आपल्या ताटात एवढी घट्ट कशी बसली? माझ्या शेतकरी डोक्याला एकच उत्तर पटतं. मिरीचा वेल आपल्याकडं येत नाही. त्याला मलबारचा पाऊस आणि सावली पाहिजे. ज्याच्या गाठीला पैसा त्यानंच ती विकत घ्यायची. मिरचीचं तसं नाही. परसात, न्हाणीच्या पाण्यावर चार झाडं लावली तरी घराला पुरतं. तीन महिन्यांत फळ, उन्हात वाळवली की वर्षभर टिकते, बी आपलंच. गरिबाला पहिल्यांदाच फुकटात तिखट मिळालं. नावसुद्धा मिरीवरूनच पडलं, मिरची. पुढं तर तिच्या भुकटीला आपण नुसतं 'तिखट' म्हणायला लागलो. सगळी मालकी तिच्याच नावावर!

आता आजचं बघा. भोकरदन तालुका हिरव्या मिरचीचं आगर झाला. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात हंगामात गाड्यांची रांग लागते. आपला जिल्हा बियाण्याचा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको सुरू केली, १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. संकरित बियाण्यानं आपल्याला पैसा दाखवला, हे नाकारण्यात अर्थ नाही. व्यापाऱ्याला एकसारखा, चमकदार माल लागतो. देशी मिरची घेऊन गेलो तर बिटात कोण विचारणार? पण संकरित फळाचं बी धरून पुढच्या साली तसंच पीक येत नाही. त्यामुळं बी दरवर्षी विकत, आणि आता तिखटही विकत. जे पीक फुकट म्हणून घरात शिरलं, त्याचीच आपण दोन्ही बाजूंनी किंमत मोजतोय.

मायकडं पूर्वी विहिरीजवळ देशी मिरचीची आठ-दहा झाडं असायची. बुटकी, फळ बोटाएवढं, पण जीभ भाजणारं. पाइपलाइन टाकताना मीच ती काढून टाकली. बी ठेवायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

परवा बांधावरच्या लिंबाखाली गवत काढताना एक झाड दिसलं. तेच बुटकं खोड, तीच फळं. कुणी लावलं? पाखरांनी. मिरचीचा जाळ आपल्याला लागतो, पाखरांना लागत नाही. ती फळ गिळतात आणि बी दुसरीकडं टाकतात. पोपट मिरची इतक्या मजेत का खातो, ते आता कळलं. आणि हो, तिखटपणा मुळात बियांत नसतो, बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात त्यात असतो.

मी मायला बोलावून झाड दाखवलं. तिनं एक फळ मोडून जिभेला लावलं, डोळ्यात पाणी आलं. तिखटानं का कशानं, विचारलं नाही. "हेच," एवढंच म्हणाली.

भावाशी बोलणं झालं. पुढच्या साली संकरित मिरची एकराऐवजी वीस गुंठे. बाकी मका. (तोही अमेरिकेचाच पाहुणा, अन् ठेच्यातला शेंगदाणाही!) या झाडाला मच्छरदाणीचं कापड बांधलंय, कारण शेजारच्या प्लॉटमधल्या मिरचीचा परागकण लागला तर बी भेसळतं. कापडाच्या आत धरलेली, निरोगी, पूर्ण लाल झालेली फळं बियाला ठेवायची, सावलीत वाळवायची आणि कोरड्या राखेत घालून डब्यात बंद करायची. दोन ओळी घरासाठी, विहिरीजवळच.

बापजाद्यांचं पीक म्हणजे किती जुनं, याचं उत्तर मला आता असं वाटतं, की ज्याचं बी घरात आहे ते. पाचशे वर्षांपूर्वी परदेशातून आलेली मिरची आपली झाली ती बी धरल्यामुळं. बी सोडलं की ती परत परकी.

कुणाच्या परसात, बांधावर अशी जुनी मिरची शिल्लक असेल तर सांगा. बी बदलून घेऊ. पुढच्या आखाडात कालवण घरच्याच तिखटाचं.