पहिला रोल कुणी दिला?

१९५४ साली जोहान्सबर्गच्या ‘ड्रम’ मासिकात बावीस वर्षांचा एक तरुण ड्रायव्हर म्हणून लागला. नाव पीटर मागुबाने. गाडी चालवायची, पाकिटं पोहोचवायची, सांगतील ते आणून द्यायचं. खरं तर त्याला फोटोग्राफर व्हायचं होतं. शाळेत असताना वडिलांनी दिलेल्या साध्या कोडॅक कॅमेऱ्यावर त्याने हात बसवला होता. पण त्या काळच्या दक्षिण आफ्रिकेत काळ्या मुलाला हे काम शिकवणारी जागा कुठे होती? म्हणून जिथे फोटो छापले जातात त्या इमारतीत शिरायला जी नोकरी मिळाली, ती त्याने घेतली. सहाएक महिन्यांत तो डार्करूममध्ये होता.

फोटोपत्रकारितेचा इतिहास आपल्याला नेहमी गाजलेल्या फोटोंमधून सांगितला जातो. हा फोटो, हे युद्ध, हा पुरस्कार. मला तो दुसऱ्या टोकाकडून वाचावासा वाटतो. हा फोटो काढणाऱ्याला पहिला रोल कुणी दिला? त्याचे फसलेले फोटो कुणी पाहिले? त्याचं नाव पहिल्यांदा कुणी छापलं? ही माणसं फोटोत कधीच नसतात. पण ती नसती, तर पुष्कळ फोटोही नसते.

‘ड्रम’ची शाळा

मागुबानेला डार्करूममध्ये घेणारा युर्गेन शॅडबर्ग तसा वयाने त्याच्याच बरोबरीचा. १९३१ साली बर्लिनमध्ये जन्मलेला, युद्धात उद्ध्वस्त झालेलं शहर पाहिलेला हा मुलगा १९५० साली दक्षिण आफ्रिकेत आला आणि पुढच्याच वर्षी ‘ड्रम’मध्ये लागला. वय वीस. वर्णभेदाचे कायदे एकामागून एक येत होते, तेच हे दिवस. कुणी कुठे राहायचं, कुठल्या बाकावर बसायचं, कुठल्या दारातून आत जायचं, हे कातडीच्या रंगावर ठरत होतं. काळ्या माणसाला खिशात पास बाळगावा लागे. पास नसला तर तुरुंग. अशा माणसाच्या हातात कॅमेरा दिसला की पोलिसांच्या डोळ्यात येणारच.

‘ड्रम’चे वाचक काळे होते, लेखक काळे होते. फोटोग्राफर मात्र घडवावे लागणार होते. शॅडबर्गने ते काम अंगावर घेतलं. त्याच्या हाताखाली आलेली नावं आज वाचली तर थक्क व्हायला होतं: बॉब गोसानी, पीटर मागुबाने, अर्नेस्ट कोल. एका मासिकाच्या एका खोलीतून ही सगळी मुलं बाहेर पडली.

डार्करूम म्हणजे काय, हे फोनवर फोटो काढणाऱ्या आपल्या पिढीला जरा समजून घ्यावं लागेल. लाल दिव्याची अंधारी खोली. रसायनांचे ट्रे. रोल धुवायचा, निगेटिव्ह वाळवायच्या, मग कागदावर प्रिंट काढायची. काम कंटाळवाणं आणि हाताला वास येणारं. पण इथे बसणाऱ्या मदतनिसाला एक गोष्ट फुकटात मिळे. अनुभवी फोटोग्राफरचे छत्तीसच्या छत्तीस फोटो त्याच्या नजरेखालून जात. छापून येई एक. उरलेल्या पस्तिसांत काय चुकलं, ऐन क्षण कुठे निसटला, फोटोग्राफर दोन पावलं पुढे कधी सरकला, हे सगळं तिथे दिसे. पूर्ण झालेला फोटो पाहून इतकं शिकता येत नाही. वाया गेलेल्या फोटोंतून येतं.

गोसानीची सुरुवातही ऑफिसातल्या किरकोळ कामांपासूनच झाली. १९५४ साली ‘ड्रम’चा बातमीदार हेन्री न्क्सुमालो याने मुद्दाम स्वतःला अटक करवून घेतली आणि जोहान्सबर्गच्या तुरुंगात काळ्या कैद्यांचं काय होतं ते आतून पाहून लिहिलं. पण नुसत्या लिहिण्यावर सरकारने विश्वास ठेवला असता का? गोसानी जवळच्या एका इमारतीच्या गच्चीवर चढला आणि लांब पल्ल्याच्या लेन्समधून त्याने तुरुंगाच्या आवारातली झडती टिपली. नागड्या कैद्यांना, काही लपवलेलं नाही हे दाखवण्यासाठी, उड्या मारायला लावत. तो फोटो छापून आल्यावर ‘असं काही घडतच नाही’ म्हणायची सोय उरली नाही.

मागुबानेला १९५५ साली आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या अधिवेशनाला पाठवलं. ही त्याची पहिली असाइनमेंट. पुढे झीरस्ट गावी, पासच्या सक्तीविरुद्ध उभ्या राहिलेल्या स्त्रियांचा खटला चालू असताना, फोटो काढायला बंदी होती. त्याने पाव आतून पोखरला, त्यात कॅमेरा ठेवला आणि खाण्याचं नाटक करत फोटो काढले. पाव संपल्यावर दुधाचं खोकं वापरलं. ही युक्ती कुठल्या अभ्यासक्रमात नव्हती. पण ती सुचायला आपण इथे फोटोग्राफर म्हणून आलो आहोत, हा विश्वास लागतो. सहा महिन्यांपूर्वीच्या ड्रायव्हरला तो कुणीतरी दिलेला असतो.

सांभाळणं म्हणजे गोंजारणं नव्हे

२१ मार्च १९६०. शार्पव्हिलला पोलिसांनी जमावावर गोळीबार केला. ६९ माणसं मेली. मागुबाने तिथे पोहोचला तेव्हा प्रेतं पडलेली होती. इतकी मेलेली माणसं त्याने आयुष्यात एकत्र पाहिली नव्हती. तो हादरला, आणि दुरूनच फोटो काढून परतला. ऑफिसात संपादकांनी विचारलं, जवळून काढलेला एकही फोटो का नाही? मागुबानेने पुढे अनेक वर्षांनी हे स्वतः सांगितलं आहे. त्या दिवशी त्याने ठरवलं की धक्का बसायचा तो काम झाल्यावर बसू दे.

हा प्रसंग मला सोपा वाटत नाही. संपादकाचा प्रश्न रास्त होता. ते फोटो नसते तर सरकारचंच म्हणणं शेवटचं ठरलं असतं. पण अठ्ठावीस वर्षांच्या माणसाला ‘जवळ का गेला नाहीस’ हे विचारणाऱ्याने, ‘जवळ गेल्यावर तुझं काय होईल’ हेही विचारायला हवं. त्या काळात हा दुसरा प्रश्न कुणाला फारसा सुचत नसे. आजही किती जणांना सुचतो?

कारण जवळ जाण्याची किंमत मागुबानेने पुरेपूर मोजली. १९६९ साली त्याला पकडलं. ५८६ दिवस एकांत कोठडी. सुटल्यावर पाच वर्षांची बंदी, म्हणजे फोटोग्राफरने फोटोच काढायचे नाहीत. १९७६ साली सोवेटोत शाळकरी मुलं रस्त्यावर आली तेव्हा तो पुन्हा कॅमेरा घेऊन उभा होता. पोलिसांनी त्याचं नाक फोडलं.

कोलचं काय झालं

अर्नेस्ट कोलची गोष्ट यापेक्षा अवघड आहे. १९४० साली प्रिटोरियाजवळ जन्मलेला हा मुलगा १९५८ साली शॅडबर्गचा मदतनीस झाला. न्यूयॉर्कच्या एका संस्थेचा फोटोग्राफीचा कोर्स त्याने टपालाने केला. आडनाव ‘कोल’ असं इंग्रजी वळणाचं करून, सरकारी दप्तरात स्वतःची नोंद ‘कलर्ड’ म्हणून बदलून घेतली, म्हणजे जरा मोकळेपणाने फिरता येईल. खाणकामगार, गच्च भरलेल्या लोकलगाड्या, पाससाठी अडवलेली माणसं, गोऱ्यांच्या घरातल्या मोलकरणी, असं सगळं वर्षानुवर्षं टिपून १९६६ साली तो देशाबाहेर पडला. १९६७ साली ‘हाऊस ऑफ बाँडेज’ हे त्याचं पुस्तक आलं. दक्षिण आफ्रिकेने त्यावर बंदी घातली.

तेव्हा त्याचं वय सत्तावीस. जग त्याला ओळखत होतं. अमेरिकेत काम करायला अनुदानही मिळालं. पण परत जायला देश नव्हता आणि रोज ज्याच्याशी फोटोंवर वाद घालावा असं आपलं माणूस शेजारी नव्हतं. हळूहळू त्याचे फोटो थांबले. काही काळ तो बेघर होता. फेब्रुवारी १९९० मध्ये, नेल्सन मंडेला सुटल्यानंतर जेमतेम आठवड्याने, तो न्यूयॉर्कमध्ये कॅन्सरने गेला. वय ४९. हरवल्या समजल्या गेलेल्या त्याच्या सुमारे साठ हजार निगेटिव्ह २०१७ साली स्वीडनमधल्या एका बँकेच्या तिजोरीतून त्याच्या कुटुंबाकडे परत आल्या.

सुरुवातीला हात देणारी माणसं कोलला भेटली होती. पहिलं पुस्तक आलं की पोरगा मार्गी लागला असं सगळेच धरून चालतात. खरी कसोटी त्यानंतर असते. अनुदान संपतं, पुरस्काराची बातमी जुनी होते आणि पुढचं भाडं भरायचं असतं.

फोटोखालचं नाव

आता जरा आपल्याकडे येऊ. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला यांना आज आपण भारताच्या पहिल्या महिला फोटोपत्रकार म्हणतो. फोटोग्राफी त्यांना शिकवली माणेकशॉ व्यारावाला यांनी, ज्यांच्याशी पुढे त्यांचं लग्न झालं. मुंबईत सुरुवातीला त्यांचे फोटो छापून आले ते माणेकशॉंच्या नावाने. एका अनोळखी बाईच्या नावाला बाजारात किंमत नव्हती. हात देणारा घरातच होता, तरी नाव मिळायला वेळ लागला.

हे वाचताना मला माझी स्ट्रिंगर म्हणून काढलेली दोन वर्षं आठवतात. एका जिल्हा दैनिकासाठी मी फोटो काढत असे. फोटोखाली ‘छाया : प्रतिनिधी’ असं छापून यायचं. पैसे फोटोमागे मिळायचे, तेही छापला तर. पेट्रोलचा हिशेब कुणी विचारला नाही. माझ्याआधी तिथे काम केलेल्या कितीतरी मुलांची नावं त्या ‘प्रतिनिधी’ शब्दात विरघळली आहेत. होमाईंना निदान घरातलं नाव मिळालं होतं.

पुढच्यासाठी दार

१९८९ साली, वर्णभेद अजून जिवंत असताना, डेव्हिड गोल्डब्लाट या मोठ्या फोटोग्राफरने जोहान्सबर्गच्या न्यूटाउन भागात ‘मार्केट फोटो वर्कशॉप’ सुरू केलं. ज्यांना वर्णभेदाने शिक्षणाबाहेर ठेवलं, अशा तरुणांना मुख्यतः डोळ्यांसमोर ठेवून. ‘ड्रम’मध्ये सगळं एका माणसाच्या मर्जीवर आणि चिकाटीवर उभं होतं. शॅडबर्ग गेला की शाळा बंद. गोल्डब्लाट यांनी त्याची संस्था केली, म्हणूनच २०१८ साली ते गेल्यावरही ती चालू राहिली.

तिथून पुढची साखळी बघा. जोडी बीबर तिथे शिकली आणि १९९३ साली ‘द स्टार’ दैनिकात केन ऊस्टरब्रुक या मुख्य फोटोग्राफरच्या हाताखाली उमेदवारीला लागली. १८ एप्रिल १९९४ रोजी, पहिल्या खुल्या निवडणुकीच्या नऊ दिवस आधी, थोकोझात फोटो काढताना ऊस्टरब्रुकला गोळी लागली आणि तो गेला. शिकवणारा गेला, पण शिकवलेलं राहिलं. १९९६ साली बीबरची वर्ल्ड प्रेस फोटोच्या तरुण फोटोग्राफरांसाठीच्या मास्टरक्लासमध्ये निवड झाली. २०१० साली तिने नाक-कान कापलेल्या अफगाण तरुणी बीबी आयशाचा फोटो काढला आणि तो त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेस फोटो ठरला. झानेले मुहोली यांनीही याच वर्कशॉपमध्ये धडे घेतले.

आपल्या शेजारी, ढाक्यात, शाहिदुल आलम यांनी १९९८ साली ‘पाठशाला’ काढली ती याच गरजेतून. आपल्या देशाचे फोटो परदेशातून आलेल्या फोटोग्राफरनेच का काढावेत, हा त्यांचा सवाल होता. त्याचं उत्तर म्हणून त्यांनी शाळा उभी केली.

आता रोल लागत नाही, मग काय लागतं?

आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. गावातला मोर्चा, पुरात अडकलेली एसटी, कोसळलेला पूल, यांचा पहिला फोटो बहुधा अठरा-वीस वर्षांचं कुणीतरी काढतं. तो फोटो तासाभरात शंभर ग्रुपवर फिरतो. काढणाऱ्याचं नाव पहिल्याच फॉरवर्डमध्ये गळून पडतं. पैशांचा विषयच नाही. आणि फोटो काढला म्हणून कुणी दमदाटी केली, तर त्या मुलामागे ऑफिस नसतं, संपादक नसतो, वकील तर नसतोच.

फिल्म महाग होती म्हणून पूर्वी कुणाकडे तरी जावंच लागे, आणि त्या जाण्यात शिकणं होत असे. आता न जाताही भागतं. त्यामुळे आपले वाया गेलेले फोटो कुणी बघतच नाही. आपण ते डिलीट करून टाकतो.

यासाठी मोठं अनुदान लागतं असं मला वाटत नाही. एखाद्या तालुक्याच्या पोर्टलने ठरवलं की फोटोखाली पूर्ण नाव जाईल, ठरलेले पैसे महिन्याच्या महिन्याला मिळतील, आणि आठवड्यातून एकदा कुणीतरी जुना फोटोग्राफर मुलांबरोबर बसून न छापलेले फोटो बघेल, तर ‘ड्रम’ची निम्मी डार्करूम तिथे उभी राहते. उरलेली निम्मी म्हणजे, मुलगा अडचणीत आला की ‘हा आमचा माणूस आहे’ असं पोलीस ठाण्यात जाऊन सांगणारं कुणीतरी.

वर्णभेद संपताना मागुबाने मंडेलांचे अधिकृत फोटोग्राफर झाले. १ जानेवारी २०२४ रोजी, एक्क्याण्णव वर्षांचे असताना, ते गेले. बहुतेक मृत्युलेखांत पावात लपवलेला कॅमेरा होता, कोठडीतले ५८६ दिवस होते. ज्या खोलीत सहा महिन्यांच्या ड्रायव्हरला कुणीतरी ‘ये, हा रोल धुवून बघ’ म्हटलं असेल, तिच्या वाट्याला फार तर एखादी ओळ आली.